सॅटेलाइट फोनचं मिनिट महाग, की आपलं मापच चुकतंय?

हिशेबी (धागाकर्ता)

सॅटेलाइट फोनचा विषय निघाला की पहिली प्रतिक्रिया ठरलेली: "मिनिटाला एवढे? लूट आहे नुसती!" मला वाटतं, मिनिटावर दर लावणं हेच मुळात चुकलंय. तुम्ही एक मिनिट जास्त बोललात म्हणून कंपनीचा खर्च फारसा वाढत नाही. खरा खर्च आधीच आकाशात उधळून झालेला असतो.

इरिडियम घ्या. मोटोरोलाने उभी केलेली कंपनी, 780 किमी उंचीवर 66 उपग्रह, खर्च 500 कोटी डॉलरच्या घरात. 1 नोव्हेंबर 1998 ला सेवा सुरू झाली. हँडसेट 3000 डॉलर, म्हणजे तेव्हाचे सव्वा लाख रुपये, आणि कॉल मिनिटाला 3 ते 8 डॉलर. ऑगस्ट 1999 मध्ये दिवाळं. गिऱ्हाइकं पोचली ती जेमतेम 55 हजारांपर्यंत.

आता गणित. 500 कोटी समजा सात वर्षांत वसूल करायचे तर वर्षाला 70 कोटी. गिऱ्हाइकं 5 लाख असती तर माणशी 1400 डॉलर. 55 हजारच असतील तर जवळजवळ 13 हजार. म्हणजे दर ठरतो तो डोकी किती यावर. म्हणून माझी सूचना: मिनिट मोजणं सोडा. विम्याच्या हप्त्यासारखी वर्षाची वर्गणी ठेवा, आणि ती प्रत्येक मोबाइलधारकाच्या बिलातून दोन-तीन रुपये अशी गोळा करा. अडल्यावेळी ज्याला लागेल त्याने वापरावा.

दिघीकर

अर्धीच गोष्ट सांगितलीत. दिवाळ्यानंतर हे सगळं सुमारे अडीच कोटी डॉलरला विकलं गेलं. पाचशे कोटींचा माल अडीच कोटींत, शेकडा आठ आणे! वर पेंटॅगॉनने, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने, दोन वर्षांचं 7.2 कोटी डॉलरचं कंत्राट दिलं, तेव्हा कुठे उपग्रह खाली पाडायचं टळलं. नंतर दर उतरले त्याला गर्दी कारण नाही. आधीचा मालक बुडाला म्हणून उतरले.

आणि बुडाले ते काही सगळे अमेरिकन नव्हते. आपल्या वित्तसंस्थांचे पैसे इरिडियम इंडियात होते, आमच्या पुण्याजवळच्या दिघीला त्यांचं भूकेंद्र, म्हणजे उपग्रहाशी जोडणारं जमिनीवरचं केंद्र, होतं. मोटोरोलाविरुद्ध फसवणुकीची तक्रार पुण्याच्या कोर्टात गेली, हायकोर्टाने ती रद्द केली, 2010 मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा उभी केली. कंपनीला मन नसतं, तेव्हा तिचा गुन्हेगारी हेतू कसा असेल, हा बचाव चालणार नाही म्हणाले. गुन्हा सिद्ध झाला असं नव्हे, खटला चालू शकतो एवढंच. पण "डोकी जमतील" या भरवशावर पैसा कसा जातो ते आम्ही जवळून पाहिलंय. आता तोच भरवसा माझ्या मोबाइल बिलावर नको.

बोर्डावरून

मी जहाजावर इंजिनिअर होतो, मिनिटाची किंमत मला विचारा. कॅप्टनकडून कार्ड घ्यायचं, पैसे पगारातून वळते. जहाजांना फोन पुरवणाऱ्या इन्मारसॅट कंपनीचा उपग्रह 36 हजार किमीवर. तुम्ही हॅलो म्हणता, पलीकडून उत्तर यायला अर्धा सेकंद जातो, तेवढ्यात आई पुन्हा "हॅलो, ऐकू येतंय का" म्हणते, आणि दोघंही एकदम बोलून एकदम गप्प होता. कार्डाचा चौथा हिस्सा यातच संपायचा. बायकोने मग नियम केला: आधी तुम्ही बोला, "झालं" म्हणा, मग मी.

तरीही मी मिनिटाच्या दराच्या बाजूने आहे. इरिडियमच्या जुन्या एका उपग्रहावर एका वेळी 1100 च्या आसपास कॉल मावायचे. वर्गणी भरून हवं तेवढं बोला म्हणालात तर वादळाच्या दिवशी लाइन मिळणार कुणाला? आणि हिशेबी, समुद्रात तुमची सूचना केव्हाच अमलात आहे. इन्मारसॅटवर संकटाच्या हाकेला पैसे पडत नाहीत. हाक फुकट, गप्पा विकत. मला तर हे रास्त वाटतं.

हिशेबी

बोर्डावरून, हाक फुकट हा मुद्दा चोख. पण ती फुकट हाक मारायला आधी यंत्र हवं ना? ते कोण घेऊन देणार, हाच माझा प्रश्न. 2017 च्या दिवाळीत सरकारने जवानांसाठी सॅटेलाइट कॉल 5 रुपयांवरून 1 रुपया मिनिट केला, महिन्याचे 500 रुपयेही माफ केले. तो फरक सगळ्यांनी मिळूनच उचलला की. कुणी कुरकुर केली?

दिघीकर

जवान आणि राजमाचीला वीकेंडला जाणारे, यांना एका पंगतीला बसवू नका.

सातपाटीवाला

तुमचं फोन फोन चाललंय, पण नाखव्याला समुद्रात गप्पा मारायच्या नसतात. 30 ऑगस्ट 2024 ला इथे पालघरलाच योजना जाहीर झाली: 1 लाख बोटींना इस्रोचे ट्रान्सपाँडर, म्हणजे उपग्रहावरून संदेश देणारी-घेणारी यंत्रं, साधारण 360 कोटी रुपये. बोटीमागे 36 हजार पडतात. दोन्ही बाजूंनी छोटे संदेश जातात, वादळाचा इशारा येतो, अडकलो तर बटण दाबायचं. मिनिट नाही, बिल नाही. 2017 च्या ओखी वादळाच्या वेळी हे असतं तर कितीतरी घरं वाचली असती.

रानवाटा

संदेशावर सगळं भागत नाही. कड्यावरून पडलेल्या माणसाची मान हलवायची की नाही, हे डॉक्टरला विचारायला आवाजच लागतो. पण आपल्याकडे दराच्या आधी कायदा आडवा येतो. परवानगीशिवाय असलं उपकरण जवळ ठेवणंच गुन्हा. डिसेंबर 2024 मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी पर्यटक बाईंना उपग्रहावरून संदेश पाठवणाऱ्या यंत्रापायी अडकवलं होतं. 26/11 च्या हल्लेखोरांकडे थुराया कंपनीचा सॅटेलाइट फोन होता, त्यामुळे सरकारची भीती समजू शकतो. पण अधिकृत वाट म्हणजे बीएसएनएलची इन्मारसॅट सेवा, तीही अर्ज-परवानग्यांतून. गिऱ्हाईक दारातच अडवायचं आणि मग डोकी कमी म्हणून दर जास्त, हे कुठलं अर्थशास्त्र?

न्यूजर्सीकर

इकडे जुलै 2025 पासून टी-मोबाइल ही मोबाइल कंपनी मस्क यांच्या स्टारलिंकच्या उपग्रहांवरून साध्याच फोनवर सेवा देतंय, महिना 10 डॉलर. वेगळा हँडसेट नाही, सक्ती नाही. हवं त्याने घ्यावं. हिशेबींचं गणित बरोबर, वसुली चूक.

दिघीकर

10 डॉलर दिसतात कारण रॉकेट स्टारलिंकवाल्यांचंच, आणि मुख्य कमाई घरगुती इंटरनेटची. फोन हा जोडधंदा. ते उपग्रह पाचेक वर्षांत बदलावे लागतात. इरिडियमनेही 2017 ते 2019 मध्ये नवे उपग्रह सोडले, 300 कोटी डॉलर लागले. आणि आज त्यांच्या 20 लाखांवर जोडण्यांत बहुतेक बोलणारी माणसं नाहीतच, यंत्रं आहेत: कंटेनर, समुद्रातले तरंगते बोया, पाइपलाइनवरचे मीटर. तेव्हा हिशेबी, तुमची वर्गणी मागायचीच तर त्या मीटरवाल्यांकडे मागा.

हिशेबी

मागतो की! मीटरवाल्यांनी पाया भरला तर माणसाचा कॉल स्वस्त होतो, हे माझ्याच बाजूचं झालं. आपल्याकडे मात्र उलटी गंगा. ट्राय या दूरसंचार नियामकाने मे 2025 मध्ये उपग्रह सेवांच्या स्पेक्ट्रमसाठी, म्हणजे रेडिओलहरी वापरण्यासाठी, कंपन्यांच्या उत्पन्नाच्या 4 टक्के सुचवले, आणि उपग्रह इंटरनेटच्या शहरी ग्राहकामागे वर्षाला 500 रुपये जादा. डोकी जमायच्या आधीच डोक्यावर पट्टी.

रानवाटा

ते 500 शहरी ग्राहकांमागेच सुचवले होते, खेडी वगळली होती. म्हणजे तुमचीच वर्गणी, फक्त मोबाइलऐवजी इंटरनेटच्या डिशवर. स्वतःची कल्पना ट्रायने उचलली तर एवढं चिडायचं कशाला?

सातपाटीवाला

वर्गणी घ्या नाहीतर पट्टी बसवा. खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांनी ट्रान्सपाँडर बंद पडला तर दुरुस्तीचे पैसे कुणाचे, ते या सगळ्या गणितात कुठे धरलंय?