मदत हवी आहे : मराठीत धीट नायिकेची ऐतिहासिक प्रेमकादंबरी आहे का?

नमस्कार मंडळी,

सध्या मला इंग्लंडच्या रीजन्सी काळातल्या (१८११ ते १८२०) प्रेमकादंबऱ्यांचं वेड लागलंय. नायिका हट्टी, फटकळ, भर मेजवानीत ड्यूकला सुनावणारी. त्या काळी तिकडे लग्न झालं की बाईची बहुतेक मालमत्ता नवऱ्याच्या ताब्यात जायची. चित्र खऱ्या अर्थाने पालटलं ते १८८२ च्या कायद्याने. त्यामुळे होकार देण्याआधी ती चार अटी घालते, तेव्हा ते नखरे वाटत नाहीत, शहाणपण वाटतं. आणि एवढं करून बाई प्रेमात पडतेच! शेवट गोड होणार हे पहिल्या पानापासून ठाऊक असतं, पण मला तेच हवं असतं.

आता असं काही मराठीत हवंय. पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानात विचारलं, तर दुकानदार काकांनी लढायांचे जाडजूड ठोकळे पुढे केले. त्यांत बायका ओवाळतात नाहीतर डोळे पुसतात. अहो, १७३१ नंतर दाभाड्यांच्या सेनापतिपदाचा कारभार पाहणाऱ्या उमाबाई इथल्या तळेगावच्याच ना? मग त्याच काळातली एखादी काल्पनिक, भांडखोर, स्वतःचा नवरा स्वतः निवडणारी नायिका का नसावी?

शिवकाळ, पेशवाई, काहीही चालेल. फक्त लग्नानंतर तिची गरीब गाय होऊ नये आणि ‘प्राणनाथ’ जरा बेताने असावं. पुणे नगर वाचन मंदिरात मिळणारं असेल तर सोन्याहून पिवळं. ऑडिओबुकही सांगा, सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये ऐकेन.