क्लबमधल्या काकांकडे रायफल मागावी का?

नवखी
१० मीटर एअर रायफल शिकायला लागून तीन महिने झाले. क्लबच्या रायफली दोन आणि आम्ही नवशिके सहाजण, त्यामुळे जेमतेम अर्धा तास वाट्याला येतो. शेजारच्या लेनवरच्या काकांची जुनी रायफल कपाटात पडून असते. मागायला जीभ रेटत नाही. त्यांचा विश्वास बसावा म्हणून काय करू?

तिसरी लेन
माझी जुनी रायफल मी बरीच वर्षं नवशिक्यांना देतो, म्हणून देणाऱ्याच्या मनातलं सांगतो. रायफल मोडेल ही भीती फारशी नसते. सेटिंग हलेल ही असते. एकदा एका मुलाने बट प्लेट (खांद्याला टेकणारा मागचा भाग) सैल करून स्वतःच्या मापाने बसवली आणि न सांगता परत ठेवली. दुसऱ्या दिवशी माझे सगळे छर्रे डावीकडे. दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, तिथे एवढ्याने सगळंच बिघडतं. दोन तास मी स्वतःच्या श्वासाला आणि ट्रिगरवरच्या बोटाला दोष देत बसलो होतो.

नंतर एक मुलगी आली. चीक पीस (गाल टेकवायचा भाग) हलवण्याआधी तिने चिकटपट्टीचा तुकडा लावून पेन्सिलीने बारीक रेघ मारली. साइटचे (नेम धरायच्या भागाचे) क्लिक कुठल्या बाजूला किती फिरवले, ते वहीत लिहिलं आणि परत देताना तेवढेच उलटे फिरवून वही माझ्यापुढे धरली. तिला मी पुन्हा कधी नाही म्हटलं नाही.

आणि काका तुम्हाला तीन महिने बघतच असणार. रायफल खाली ठेवताना नळी टार्गेटकडेच असते का, बोल्ट उघडा ठेवून सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची खूण) घालता का, कोणी पुढे गेलं की रायफलला हात लावायचं थांबता का. यात ढिलाई दिसली तर गोड बोलून काही उपयोग नाही.

कोरडा नेम
वरच्या प्रतिसादाशी सहमत. फक्त पहिल्याच दिवशी रायफल घेऊन बाजूला जाऊ नका. "तुमच्यासमोर दहा शॉट मारू का?" एवढंच विचारा. ड्राय फायर (छर्रा न भरता ट्रिगर दाबायचा सराव) करायचं असेल तर आधी विचारून घ्या. काही रायफलींना त्याची वेगळी सोय असते, काहींना नसते. कोणाचं जॅकेट मिळालं तर घामाचं तसंच घडी घालून देऊ नका, टांगून वाळवून द्या.

नवखी
खूप आभार! चिकटपट्टी आजच पिशवीत टाकते. हवेचा सिलिंडर परत देताना भरून द्यायचा का?

तिसरी लेन
त्यांना विचारल्याशिवाय नको. सिलिंडरवर दाब लिहिलेला असतो, बऱ्याचदा २०० बार, आणि मुदतीची तारीखही. पहिल्यांदा त्यांच्या हाताखालीच भरा. घाईत भरला तर तापतो आणि गार झाल्यावर काटा खाली येतो, म्हणून सावकाश. किती शॉट मारले तेही सांगा, म्हणजे आत किती हवा उरली याचा त्यांना अंदाज येईल.