मदत हवी आहे: उघड्यावर जळणाऱ्या कचऱ्याचे टन कसे काढायचे?

आमच्या नगरपरिषद हद्दीतल्या डायऑक्सिन-फ्युरानचा (कचरा जळताना तयार होणारी विषारी रसायनं) ढोबळ हिशेब मांडतोय. स्टॉकहोम कराराखालच्या (अशा टिकाऊ विषारी रसायनांवरचा आंतरराष्ट्रीय करार) राष्ट्रीय आराखड्यांसाठी यूएनईपीचं (संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम) टूलकिट वापरतात, तीच पद्धत: जळालेले टन गुणिले उत्सर्जन गुणांक (एक टन जळाल्यावर किती विष बाहेर पडतं तो आकडा). 2013च्या आवृत्तीत हवेतल्या उत्सर्जनासाठी कचरा डेपोच्या आगीला टनामागे 300 मायक्रोग्रॅम टीईक्यू (या सगळ्या रसायनांची विषारीपणानुसार केलेली एकत्र बेरीज), घरगुती कचरा उघड्यावर जाळण्याला 40. गुणांक आहेत, अडलंय ते टनांवर.

वजनकाट्याच्या पावत्या पाहिल्या, पण त्यात फक्त घंटागाडीने उचललेला कचरा. अग्निशमनच्या वहीत वेळ आणि ठिकाण आहे, वजन नाही. मुकादम म्हणतात, "आमच्या वॉर्डात कुणी जाळतच नाही." हे बोलताना मागे नाल्याकाठी ढीग धुमसत होता!

दवाखान्यांचा कचरा हद्दीबाहेरच्या भट्टीत जातो, तो धरलेला नाही. वायर जाळून तांबं काढण्याचा गट वेगळा मोजलाय. हवेचे नमुने तपासायला पैसे नाहीत, त्यामुळे ते सुचवू नका.

वॉर्डात फिरून ढीग मोजायची तयारी आहे. पण अर्धवट जळालेल्या ढिगाच्या मापावरून मूळ वजन कसं काढता? आणि पालापाचोळ्यात प्लॅस्टिक मिसळलेलं असेल तर तो ढीग घरगुती कचऱ्यात धरायचा की जैवभाराच्या (पाला, गवत, लाकूड वगैरे) गटात?