घरच्या ग्रंथसंग्रहाची सूची आणि तिच्यामुळे भेटलेले वाचक: सीमाभागातील अनुभव

टिळकवाडी, बेळगाव (धागाकर्ती)

गेल्या पावसाळ्यात मी एकच कथासंग्रह तिसऱ्यांदा विकत आणला आणि आधीच्या दोन प्रती कपाटाच्या मागच्या रांगेत सापडल्या, तेव्हा घरातील पुस्तकांची रीतसर सूची करायचे ठरवले. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात मराठी पुस्तकांचे लहानमोठे संग्रह पुष्कळ घरांत आहेत, पण त्यांत काय आहे हे शेजाऱ्यांनाही ठाऊक नसते. ज्यांनी अशी सूची करून ती इतरांना दिसेल अशी संगणकावर ठेवली आणि तिच्यामुळे अन्य वाचकांशी ज्यांचा संबंध आला, त्यांनी आपले अनुभव, विशेषतः फसलेले प्रयत्न, सविस्तर लिहावेत अशी विनंती आहे. सुरुवात मीच करते.

पुस्तकाच्या पाठीवरचा बारकोड मोबाइलने टिपायचा आणि बाकीची माहिती आपोआप भरली जाईल, अशी माझी समजूत होती. त्या बारकोडमध्ये आयएसबीएन, म्हणजे त्या पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो. तो 2006 अखेरपर्यंत दहा अंकी होता, 2007 पासून तेरा अंकी झाला, आणि भारतात निघालेल्या पुस्तकांवर 978 नंतर बहुधा 81 किंवा 93 हे अंक येतात. माझ्या साडेअकराशे पुस्तकांपैकी जेमतेम चारशेंवर हा क्रमांक निघाला. जुन्या पुस्तकांवर तो असण्याचा प्रश्नच नव्हता आणि दिवाळी अंकांचा हिशेब तर मी धरलेलाच नाही.

क्रमांक असलेल्या पुस्तकांचे तरी सगळे सुरळीत झाले असे नाही. वाचकांना आपल्या पुस्तकांची सूची ठेवता येते अशी लायब्ररीथिंग आणि गुडरीड्स ही संकेतस्थळे अनुक्रमे 2005 आणि 2007 मध्ये सुरू झाली. अशा ठिकाणची माहिती ग्रंथालये, विक्रेते आणि स्वतः वाचक यांच्या नोंदींतून जमा होते, त्यामुळे मराठी पुस्तकाची नोंद एकदा रोमन लिपीत, एकदा देवनागरीत, कधी आडनाव आधी घालून तर कधी नुसत्या आद्याक्षरांनी केलेली आढळते. जी. ए. कुलकर्णी आपल्याच जिल्ह्यातल्या एकसंब्यात जन्मलेले, पण माझ्या सूचीत ते तीन निरनिराळे लेखक होऊन बसले होते. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर एकच आहेत हेही यंत्राला सांगावे लागले. शेवटी प्रत्येक लेखकाचे एक प्रमाण नाव ठरवले, बाकीची रूपे त्याला जोडली आणि उरलेली साडेसातशे पुस्तके हाताने भरली. या कामाला अकरा महिने लागले.

लायब्ररीथिंगवर आपले एखादे पुस्तक आणखी कोणाकडे आहे हे दिसते. गाजलेल्या कादंबरीपुढे इतकी नावे येतात की त्यावरून ओळख होणे अशक्य असते. पण माझ्याकडच्या एका जुन्या प्रवासवर्णनापुढे फक्त एकच नाव होते, ते नागपूरच्या एका वाचकाचे. माझ्या प्रतीत बांधणीच्या वेळीच सातवा फर्मा गळालेला होता, म्हणजे 97 ते 112 ही सोळा पाने नव्हती, आणि लेखक घाटातून खाली उतरला की नाही हे मला तीस वर्षे कळलेले नव्हते. त्यांनी त्या सोळा पानांची छायाचित्रे पाठवली. लेखक उतरला होता.

शहापूर, बेळगाव

मी निवृत्त माध्यमिक शिक्षक आहे. माझ्याकडील बहुतेक पुस्तके वडिलांची असून त्यांची एक नोंदवहीही आहे, तिच्यात अनुक्रमांक, किंमत आणि ‘कोणास दिले’ असे रकाने आखलेले आहेत. 1946 मध्ये ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली बेळगावात साहित्य संमेलन भरले, तेव्हा वडिलांनी विकत घेतलेल्या पुस्तकांवर स्वतःच्या हाताने शके 1868 असे लिहिले आहे. संगणकातील वर्षाचा रकाना हा आकडा मुकाट्याने स्वीकारतो आणि पुस्तक एकोणिसाव्या शतकात नेऊन ठेवतो. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, मात्र जानेवारीपासून चैत्र लागेपर्यंतच्या काळासाठी 79 मिळवावे लागतात. म्हणून नुसता शक छापलेल्या पुस्तकाला मी 1946–47 असे जोडवर्ष देतो.

दुसरी अडचण शुद्धलेखनाची आली. 1962 च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, पण त्याआधीच्या मुखपृष्ठांवर ‘कांहीं’ आणि ‘नांव’ तसेच आहेत. ‘काही’ असे शोधले तर ‘कांहीं’ सापडत नाही, आणि ‘काही’ असे भरले तर सूची मूळ पुस्तकाशी प्रामाणिक राहत नाही. यावर बराच विचार करून मी दोन रकाने ठेवले, एकात छापील शीर्षक आणि दुसऱ्यात आजच्या लेखनाप्रमाणे शीर्षक. काम दुप्पट झाले, परंतु या दुसऱ्या रकान्यामुळेच माझी सूची लोकांच्या हाती लागू लागली.

वडिलांच्या सात पुस्तकांवर एका बंद पडलेल्या गावच्या वाचनालयाचा गोल शिक्का आहे. मी त्या शिक्क्याचे वर्णन शेऱ्यात लिहिले होते. काही महिन्यांनी निपाणीच्या एका गृहस्थांचे पत्र आले की त्याच शिक्क्याचे, त्याच ग्रंथमालेतील चार भाग त्यांच्या आजोबांच्या पेटीत आहेत. आता अकरा भागांची एक सामायिक सूची आम्ही दोघे मिळून राखतो. ती पुस्तके वाचनालयात परत का गेली नाहीत, हा प्रश्न आम्ही उभयतांनी सूचीच्या बाहेर ठेवला आहे.

खानापूर

आमच्याकडे पावसाचे चार महिने पुस्तके दमट होतात आणि पुढे कसर लागते. सूचीचा खरा लाभ मला असा झाला की त्या निमित्ताने प्रत्येक पुस्तक एकदा तरी हातात आले, आणि ‘स्थिती’ या रकान्यात डाग, सुटलेली पाने, कीड असे लिहिताना कोणते कपाट भिंतीपासून पुढे ओढायला हवे ते कळले. इतर वाचकांशी माझा संबंध फारसा आला नाही. वेखंड ठेवावे की डांबरगोळ्या, एवढाच प्रश्न मी विचारला होता आणि त्यावर दोन तट पडले.

बेळगाव, माहेर धारवाड

आमच्या घरात सासूबाईंची मराठी आणि माझी कन्नड पुस्तके एकाच कपाटात आहेत. हौसेने मी ग्रंथालयांत विषयवार क्रमांक देण्यासाठी वापरतात त्या ड्युई दशांश पद्धतीने वर्गीकरण करायला घेतले आणि पहिल्याच दिवशी अडले. त्या पद्धतीत मराठी साहित्य 891.46 मध्ये येते आणि कन्नड 894.814 मध्ये, कारण तिथे भाषाकुळे पाहिली जातात, शेजार पाहिला जात नाही. बेंद्रे यांची मातृभाषा मराठी आणि कविता कन्नड. त्यांना क्रमांक 894.814 मध्येच मिळतो, पण सासूबाईंना ते आपल्या बाजूला हवे होते. आम्ही त्यांच्या पुस्तकांची नोंद दोन ठिकाणी केली आणि प्रत्यक्ष पुस्तके मधल्या खणात ठेवली.

कन्नड शीर्षके मी कन्नड लिपीत लिहिते आणि शेजारी देवनागरीत त्यांचा उच्चार देते. हे केवळ सासूबाईंसाठी सुरू केले होते, कारण त्यांना कन्नड बोलता येते पण वाचता येत नाही. ती यादी वाचकांच्या एका गटात ठेवल्यावर निपाणी आणि चिकोडीकडच्या, त्यांच्यासारख्याच, बऱ्याच बायकांनी ‘यातले मराठीत कोणते आले आहे?’ असे विचारले. तेव्हापासून अनुवादाचा एक रकाना वाढला आहे. तो भरण्याचे काम सासूबाई करतात आणि त्यांच्या परवानगीशिवाय मी त्यात बदल करत नाही.

येळ्ळूर (सध्या बंगळूर)

तांत्रिक बाजूचे थोडे लिहितो. दिसायला एकसारखी अक्षरे संगणकाच्या लेखी वेगळी असू शकतात. ‘ॲ’ हे एक स्वतंत्र अक्षर म्हणून टंकता येते आणि ‘अ’ वर अर्धचंद्र देऊनही काढता येते. ‘वाऱ्या’ मधला अर्धा ‘र’ही दोन प्रकारे लिहिला जातो. माझ्या सूचीत एकच पुस्तक दोनदा येत होते आणि डोळ्यांना चूक सापडत नव्हती, ती याच कारणाने. सर्व नोंदींत एकच रूप ठेवावे, आणि जुन्या फाँटमध्ये टंकलेल्या याद्या असतील तर आधी त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावे.

मी ज्या ॲपवर पहिली सहाशे पुस्तके नोंदवली ते एके दिवशी बंद झाले आणि माझी तीन वर्षांची टिपणे त्याबरोबर गेली. आता मूळ सूची माझ्या स्वतःच्या तक्त्यात असते, संकेतस्थळावर केवळ तिची प्रत जाते. या सूचीवरून ओळख झालेले आम्ही सहा जण हिवाळ्यात कडोली किंवा उचगावच्या साहित्य संमेलनात पुस्तकांच्या दालनापाशी भेटतो. मोबाइलवर सूची उघडी असल्यामुळे दुसरी प्रत घेण्याची चूक टळते, आणि बंगळूरला परतताना पिशवी मात्र तेवढीच जड असते.

निपाणी

वर शहापूरच्या गुरुजींनी उल्लेख केला आहे तो मीच. माझी थोडी तक्रार आहे. सूची उघड केल्यापासून आठवड्याला एक तरी निरोप येतो, ‘पीडीएफ पाठवा’. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षे स्वामित्वहक्क राहतो, हे मी प्रत्येकाला लिहून थकलो. गळालेल्या सोळा पानांची गोष्ट वेगळी, अखंड पुस्तक मागणे वेगळे. आणखी एक सूचना अशी की सूचीत घराचा पत्ता आणि पुस्तकाची किंमत लिहू नये. मी दोन्ही लिहिले होते आणि एक रद्दीवाला थेट दारात येऊन उभा राहिला.

गुरुजी, त्या शिक्क्याचा बारावा भाग शेवटचा असावा असे अकराव्याच्या मलपृष्ठावरील जाहिरातीवरून वाटते. नंदगडकडे कोणाच्या माळ्यावर तो असल्यास इथे कळवावे. परत मागणार नाही, फक्त नोंद करायची आहे.