मदत हवी आहे: दुसऱ्या वर्षापासून ताळेबंद जुळत नाही

शिरोलीची_भट्टी
मंडळी, चार दिवस झाले, आता डोकं चालेना. एक्सेलमध्ये पाच वर्षांचं मॉडेल बांधतोय. पहिलं वर्ष रुपयाला रुपया जुळतंय. दुसऱ्या वर्षी ७,२०,००० चा फरक, तिसऱ्या वर्षी १६,२०,०००, पुढं वाढतच जातोय. फाइल उघडली की सर्क्युलर रेफरन्सचा (सूत्र फिरून स्वतःवरच येतंय असा) इशारा येतो. शिवाय एनपीव्ही (पुढच्या आवकीची आजची किंमत वजा गुंतवणूक) हातानं काढला तर ३,२५,७३१ येतो आणि एक्सेल २,९०,८३१ दाखवतंय. कुठं चुकतंय? रविवारी काकांना दाखवायचंय. क्लास लाव, कोर्स कर असं कृपया सांगू नका. मला स्वतः बांधूनच शिकायचंय.

उद्यमनगर_लेथ
कशाचं मॉडेल ते तरी सांग की भावा. धंदा कुठला, आकडे खरे की मनाचे, फरक कुठल्या बाजूला? एवढ्यावर कोण काय सांगणार?

जुना_मुनीम
७,२०,००० ला ९ ने भागा. पूर्ण भाग जातो. १६,२०,००० लाही जातो. फरकाला ९ ने भाग गेला की कुठंतरी आकडे उलटसुलट पडलेत, ५४ चे ४५ झालेत असं समजायचं. मार्केट यार्डात अडत्याकडे तीस वर्षं वह्या लिहिल्या, ही खूण कधी फसली नाही. प्रत्येक आकडा मूळ कागदाशी ताडून बघा.

कागल_फाइव्हस्टार
मुनीमकाका, ती खूण हातानं लिहिलेल्या वहीची. सूत्रावर चालणाऱ्या शीटमध्ये आकडे उलटे पडत नाहीत, आणि मूळ आकडा चुकला असता तर पहिलं वर्षच जुळलं नसतं. इथं फरक दुसऱ्या वर्षी सुरू होतो आणि साठत जातो. म्हणजे कुठल्यातरी ओळीचं चिन्ह उलटं आहे. मिळवायची रक्कम वजा झाली की फरक दुप्पट पडतो. ७,२०,००० चे निम्मे ३,६०,०००. तिसऱ्या वर्षी नव्यानं वाढलेला फरक ९,००,०००, त्याचे निम्मे ४,५०,०००. हे दोन आकडे लागोपाठच्या वर्षांत कुठल्या ओळीत दिसतात ते शोध.

जुना_मुनीम
निम्म्याची खूण आम्हालाही ठाऊक आहे. जमेची रक्कम नावे पडली की दुप्पट फरक येतो. पण आधी ९ बघायचे, मग २, अशी आमची रीत. शिवाय शीटमध्येही पहिले आकडे माणूसच भरतो ना?

शिरोलीची_भट्टी
सॉरी, घाईत लिहिलं. काकांची शिरोलीला फाउंड्री आहे, ग्रे आयर्न कास्टिंग. विक्री ४ कोटी २० लाख. दुसरी इंडक्शन भट्टी ४० लाखांची घ्यायची की नाही यावर घरात रोज चर्चा चालते. मी बी.कॉम., हिशेब मीच बघतो. भट्टी दुसऱ्या वर्षापासून चालू होईल असं धरलंय. गेल्या वर्षीचा ताळेबंद खरा, पुढचं अंदाजानं. मालमत्तेची बाजू कमी भरतेय.
मुनीमकाका, काल रात्री सगळे आकडे कागदाशी ताडले, बरोबर आहेत. निम्मी रक्कम आता शोधतो.

गूळ_आणि_गणित
एवढा खटाटोप कशाला? तयार टेम्पलेट मिळतात, आकडे टाका, काम झालं. आमच्या गुऱ्हाळाचं मी तसंच करतो. आमचं सगळं तीन-चार महिन्यांत आटपतं, पुढं माल कधी विकायचा एवढाच प्रश्न.

कागल_फाइव्हस्टार
त्याला शिकायचंय असं त्यानं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. तयार टेम्पलेटमध्ये ताळेबंद आधीच जुळवलेला असतो, त्यामुळे नफा आणि रोकड वेगळी का पडते हे कधी कळतच नाही. मी रिकाम्या शीटपासून सुरुवात केली होती. पहिल्या महिन्यात एकच गोष्ट कळली, की विक्री वाढली की बँकेतला पैसा आटतो. पुस्तकात ती दहा वेळा वाचली होती, पण स्वतःच्या शीटमध्ये येण्यांची ओळ फुगताना दिसली तेव्हा अंगात भिनली.

नोकरी_पुण्याला
शेअर बाजाराच्या अंगानं शिकायचं असेल तर न्यूयॉर्क विद्यापीठातले प्राध्यापक अश्वथ दामोदरन यांच्या वेबसाइटवर मूल्यांकनाच्या शीट फुकट आहेत. उघडून एकेक सूत्र वाचा.

उद्यमनगर_लेथ
भट्टी घ्यायचा विचार चाललाय आणि तुम्ही त्याला शेअर बाजारात नेताय. भावा, येणी किती दिवसांची धरलीस? देणी किती दिवसांची?

शिरोलीची_भट्टी
सापडलं!! धनकोंची, म्हणजे देण्यांची ओळ. ४२,००,००० वरून ४५,६०,०००, मग ५०,१०,०००. बरोब्बर ३,६०,००० आणि ४,५०,०००. रोकड प्रवाहात मी ऋणकोंच्या (येण्यांच्या) ओळीत ‘गेलं वर्ष वजा हे वर्ष’ लिहिलं आणि तेच सूत्र खाली ओढलं. साठ्याला ते चाललं. धनकोंना उलटं हवं होतं, कारण देणी वाढली की पैसा आपल्याकडेच राहतो. पहिल्या वर्षी धनको तेवढेच ठेवले होते, बदल शून्य, म्हणून चूक दिसलीच नाही. आता पाचही वर्षं जुळतात. कागलवाले, मनापासून आभार.
येणी ९० दिवस, देणी ६० दिवस. सर्क्युलर आणि एनपीव्ही अजून तसेच आहेत.

कागल_फाइव्हस्टार
एनपीव्ही सोपं आहे. मोठ्या आकड्याला लहान आकड्यानं भाग, १.१२ येतात. पुढच्या पैशाची आजची किंमत काढायचा तुझा दर १२% असणार. एक्सेलचं एनपीव्ही सूत्र पहिली रक्कमही वर्षअखेरीची धरतं. ४० लाख सुरुवातीलाच जाणार आहेत, ते सूत्राच्या कंसात टाकलेस म्हणून तेही एक वर्ष मागं ढकलले गेले. कंसात फक्त पाच वर्षांची आवक ठेव, ४० लाख बाहेरून वजा कर. तुझा हाताचा आकडाच खरा.

शिरोलीची_भट्टी
झालं! दर १२% च आहे, भट्टी घेतल्यापासूनची पाच वर्षं, वर्षाला १२ लाख आवक धरलीय. ३,२५,७३१ आला.

कागल_फाइव्हस्टार
सर्क्युलरचं आता सांगतो. व्याज सीसीच्या (बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाच्या) सरासरी शिल्लकीवर काढलंस ना? व्याजावरून नफा, नफ्यावरून रोकड, रोकडीवरून सीसी, सीसीवरून परत व्याज. हे चक्र आहे. व्याज वर्षाच्या सुरुवातीच्या शिल्लकीवर काढ, चक्र तुटेल.

नोकरी_पुण्याला
असहमत. मध्येच भट्टी येणार आहे, सुरुवातीच्या शिल्लकीवर व्याज कमी दिसेल. ऑप्शन्समध्ये जाऊन इटरेटिव्ह कॅल्क्युलेशन चालू करा. एक्सेल मुळात १०० फेऱ्या करतं आणि फरक ०.००१ च्या खाली आला की थांबतं. आमच्या ऑफिसात सगळे असंच करतात.

कागल_फाइव्हस्टार
आणि एकदा चक्रात चुकीचं मूल्य शिरलं की सगळ्या शीटवर एरर पसरते, मूळ सेल दुरुस्त केला तरी जात नाही. त्यासाठी १ आणि ० चा खटका ठेवावा लागतो, ० केलं की व्याज शून्य होऊन चक्र तुटतं. शिवाय ते चालू असताना दुसरं चुकून झालेलं चक्रही इशारा न देता दडून राहतं. शिकणाऱ्यानं आधी सुरुवातीच्या शिल्लकीवरच काढावं.

नोकरी_पुण्याला
खटक्याचं मान्य. पण व्याज कमी दाखवून मालकाला भट्टी घ्यायला लावणं बरोबर नाही, एवढंच म्हणणं.

सीएमए_करून_देतो
बँकेला रिझर्व्ह बँकेच्या नायक समितीच्या पद्धतीनं दाखवा. अंदाजित उलाढालीच्या २५% खेळतं भांडवल, त्यातलं २०% बँक देते, ५% तुमचं. ४ कोटी २० लाखांवर ८४ लाखांची सीसी लिमिट बसते. आता किती आहे? आणि स्क्रॅपवाल्याचं देणं ४५ दिवसांच्या आत द्या, नाहीतर आयकर कायद्याच्या कलमाप्रमाणे खर्चाची वजावट त्या वर्षी मिळणार नाही.

उद्यमनगर_लेथ
लिमिट वाढवायचं त्यानं विचारलंच नाही. आणि स्क्रॅपवाला व्यापारी असेल तर तो त्या कलमात येत नाही. आमच्यासारखे जॉबवर्क करणारे, पॅटर्नवाले, उद्यम (सरकारी लघुउद्योग) नोंदणी असलेले सूक्ष्म आणि लघु उत्पादक येतात. लेखी करार असला तर ४५ दिवस, नसला तर १५. हे मी आवर्जून सांगतोय, कारण आमचे पैसे चार-चार महिने अडकतात. तुझ्या ६० दिवसांत मशिनिंगवाले किती आहेत ते वेगळं काढ. त्यांची देणी ताणून रोकड दाखवू नकोस.

शिरोलीची_भट्टी
बरोबर आहे दादा. मशिनिंगची देणी वेगळ्या ओळीत घेतली, ४५ दिवसांवर आणली.
व्याज तूर्त सुरुवातीच्या शिल्लकीवर केलं, इशारा गेला. लिमिट ६० लाख आहे. धनकोंची चूक होती तेव्हा तिसऱ्या वर्षी सीसी ६४ लाखांवर जात होती, म्हणून मी घरात भट्टी नको म्हणत होतो. चूक दुरुस्त केल्यावर ४७ लाखांवर आली. मशिनिंगचे दिवस कमी केल्यावर ४९.

उद्यमनगर_लेथ
येणी जीएसटीसकट धरलीस का?

शिरोलीची_भट्टी
नाही, विक्रीवर ९० दिवस काढले. महिन्याला ३५ लाख, म्हणजे १ कोटी ५ लाख.

उद्यमनगर_लेथ
तिथंच घोटाळा आहे. बिल १८% जीएसटी लावून जातं. गिऱ्हाईक तोही ९० दिवसांनीच देणार. म्हणजे येणी १ कोटी २३ लाख ९० हजार. देण्यांतही जीएसटी धर आणि खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट वजा कर, पण उरलेला कर पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरावाच लागतो, गिऱ्हाइकानं पैसे देवोत न देवोत. ३१ मार्चचा ताळेबंद बघून हे दिसणार नाही. दिवाळीच्या तोंडावर बोनस, वीजबिल आणि २० तारीख एकत्र येते तो महिना बघ. आमची ओढाताण दरवर्षी तिथंच होते.

जुना_मुनीम
हे खरं बोललात. वर्षअखेरीची शिल्लक बघून कुणी धंदा चालवत नाही.

शिरोलीची_भट्टी
पहिली दोन वर्षं महिन्यावार करायला घेतली, २४ कॉलम. जीएसटीची देणी वेगळी ओळ, २० तारखेमुळे एक महिना मागं. सप्टेंबरपर्यंत आलोय, सीसी ५६ लाख दाखवतेय. दुसऱ्या वर्षीचा बोनस ऑक्टोबरमध्ये धरू की नोव्हेंबरमध्ये? दिवाळी मागंपुढं होते.

उद्यमनगर_लेथ
दोन्ही करून बघ. ६० च्या वर कुठं जातं ते इथं टाक, रविवारच्या आधी बघून सांगतो.