वळणावरच्या फुगीर आरशात एसटी किती लहान दिसते?

गुहागरची_आई
नमस्कार. आमच्या वाडीच्या उतारावर चिऱ्यांच्या गडग्याआडून रस्ता एकदम वळतो, तिथे फुगीर आरसा बसवलाय. लेक दहावीत आहे. आरशाचं नाभीय अंतर (लांबून आलेले किरण आरशावरून परतून जिथे एकवटतात किंवा एकवटल्यासारखे वाटतात, तो बिंदू आरशापासून जितका लांब ते) १ मीटर आणि एसटी ९ मीटरवर धरून तिने विशालन ०.१ काढलं. म्हणजे ३ मीटर उंच एसटीची प्रतिमा ३० सेंटिमीटर! पण सपाट आरशात दिसली असती त्याच्या दहापट बारीक काही ती वाटत नाही. आकडेमोड कुठे चुकली?

चिपळूणचे_मास्तर
ताई, लेकीचं उत्तर अगदी बरोबर आहे. आरशासमोरची अंतरं ऋण आणि मागची धन धरतात. वस्तूचं अंतर ऋण ९, नाभीय अंतर धन १, म्हणून आरशाच्या सूत्राने प्रतिमा आरशामागे ०.९ मीटरवर. विशालन धन, म्हणजे प्रतिमा सुलटी.

पण विशालन म्हणजे प्रतिमेची उंची भागिले वस्तूची उंची, एवढंच. डोळ्याला ती केवढी वाटेल हे प्रतिमा डोळ्यापासून किती लांब आहे यावरही ठरतं. वर्गात हे सांगायचं राहून जातं, याची मला फार खंत वाटते. समजा तुम्ही आरशापासून ५ मीटरवर उभ्या आहात. सपाट आरशात ३ मीटरची प्रतिमा १४ मीटरवर दिसली असती. फुगीर आरशात ती ३० सेंटिमीटरची, पण ५.९ मीटरवरच. उंचीला अंतराने भागा: ०.२१ आणि ०.०५. फरक साधारण चौपट.

आता लेकीला मुद्दाम हे करायला सांगा. एसटी १९ मीटरवर असताना प्रतिमा १५ सेंटिमीटर, ९ वर ३०, ४ वर ६०. आधीच्या १० मीटरांत वाढ १५ सेंटिमीटरची, पुढच्या ५ मीटरांतच ३०. म्हणून गाडी लांब आहे असं वाटता वाटता अंगावर येते. सायकलवरच्या पोरांना बजावून सांगा, आरशात गाडी कितीही बारीक दिसली तरी थांबायचं.

मालवणकर
सर, आमच्या दाढीच्या आरशात तोंड मोठं दिसतं, लांब गेलं की उलटं. एकाच आरशात दोन्ही कसं?

चिपळूणचे_मास्तर
तो अंतर्वक्र, म्हणजे आत खोलगट. नाभीय अंतर ३० सेंटिमीटर धरा. चेहरा १५ वर असेल तर दुप्पट, २० वर तिप्पट, दोन्ही सुलटे. ३० ते ६० मध्ये प्रतिमा तुमच्या डोक्यामागे पडते, म्हणून सगळं धूसर. आणखी मागे सरलात, ८० वगैरे, की लहान आणि उलटी प्रतिमा समोर स्पष्ट दिसते.

गुहागरची_आई
मनापासून आभार सर. असा आरसा आमच्याकडेही आहे, त्याचं नाभीय अंतर घरी मोजता येईल?

चिपळूणचे_मास्तर
हो. आरसा खिडकीकडे तोंड करून धरा आणि आगरातल्या लांबच्या माडाची प्रतिमा कागदावर पाडा. झावळ्या उलट्या आणि रेखीव दिसल्या की कागद ते आरसा हे अंतर पट्टीने मोजा, तेच नाभीय अंतर. आरसा सूर्याकडे मात्र चुकूनही धरू देऊ नका, कागद पेटतो आणि डोळ्यांना इजा होते.