समाजकार्य विभाग बंद करायचा म्हणता?

केजकर:
काल इथं एकानं लिहिलं, विद्यापीठातले समाजकार्य विभाग बंद करा आणि त्या जागी कौशल्य प्रशिक्षण काढा, एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातलं एमए, झालेली पोरं शेवटी फायनान्सच्या वसुलीवरच फिरतात. रात्रभर डोक्यातून गेलं नाही.

2015 च्या दुष्काळात माझ्या चुलतभावानं फास घेतला. सरकारी मदतीचं प्रकरण अपात्र ठरलं, कारण सातबारा काकांच्या नावावर. वहिनीला वाचता येत नाही, आम्ही बाकीचे सुन्न. क्षेत्रकार्याला, म्हणजे गावात जाऊन करायच्या प्रात्यक्षिकाला, आलेल्या समाजकार्याच्या एका पोरीनं ओसरीवर बसून शासन निर्णय वाचून दाखवला. जमीन कुटुंबात कुणाच्याही नावावर असली तरी चालते. अर्ज तिनं लिहिला, वहिनीकडून सही गिरवून घेतली, तीन वेळा तहसीलला सोबत आली. 1 लाख मंजूर झाले. 30 हजार हातात, 70 हजार ठेवीत. बंद करा म्हणणाऱ्यानं आधी आमच्या ओसरीवर येऊन बसावं.

सेलूचा मास्तर:
दादा, तुमच्या घरी झालं ते ऐकून वाईट वाटलं. त्या पोरीला नमस्कार. पण एका पोरीवरून अख्ख्या विभागाला शाबासकी देऊ नका. आमच्या गावात दरवर्षी सात दिवसांचं शिबिर येतं. बॅनर, प्रभातफेरी, नाली सफाई, फोटो. आठव्या दिवशी नाली तशीच. एका पोराच्या जर्नलात, म्हणजे क्षेत्रकार्याच्या वहीत, मी आमच्या गावाचा अहवाल वाचला, त्यात नदी होती. आमच्या गावाला नदीच नाही!

आणि 2019 ला बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण निघालं. 82 हजारांवर बायांच्या पाहणीत 13 हजारांहून जास्त शस्त्रक्रिया निघाल्या. दर आठवड्याला दोन दिवस क्षेत्रकार्य करणाऱ्यांना हे आधी कसं दिसलं नाही?

लातूरची लेक:
मास्तर, तुमचा पगार महिन्याच्या महिन्याला होतो. मी समाजकार्य शिकवते, तासिका तत्त्वावर. मानधन सहा सहा महिने लटकतं. पोरांना वस्तीवर न्यायचं तर एसटीचं तिकीट माझ्या पर्समधून. जागा भरत नाहीत, एकेका बाईकडे तीस पोरांचं मार्गदर्शन. जर्नल कधी तपासू, घरी पोरगं तापानं फणफणत असताना?

सेलूचा मास्तर:
ताई, पगारावर येऊ नका. मी जर्नलाबद्दल बोललो.

लातूरची लेक:
मीही जर्नलाबद्दलच बोलतेय! तपासणारं माणूस उपाशी असलं की नदी निघतेच.

किल्लारीकर:
भांडू नका. 1993 च्या भूकंपाच्या वेळी मी अकरा वर्षांचा होतो, पत्र्याच्या शेडात. पुनर्वसनात 52 गावं नव्या जागी बसवली. सरळ रस्ते, एकसारखी घरं. पण आमची भावकी चार टोकांना गेली. आजी मरेपर्यंत जुन्या शेजारणीकडं जायला दुपारच्या उन्हात मैलभर चालायची. घर कुणाशेजारी पाहिजे, चूल कुठं पाहिजे, हे बायांना कुणी विचारलं नाही. विटा रचायला इंजिनिअर मिळतो. विचारायचं काम कुणाचं? त्यासाठीच हे शिक्षण पाहिजे.

सेलूचा मास्तर:
हे पटलं. पण मग विचारा ना! माझ्या शाळेतली पोरं दसऱ्यानंतर आईबापांसोबत ऊसतोडीच्या फडावर जातात. गेल्या साली पाचवीतली एक पोरगी परत आली ती मार्चमध्ये. पाठीवर भावाला घेऊन वर्गात आली, पाढे विसरलेली. आईबापानं उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली; मजूर नेणारा मुकादम थांबू देत नाही.

केजकर:
आईबाप फडावर गेले की पोरांना गावातच ठेवायचं हंगामी वसतिगृह नाही का तुमच्याकडं?

सेलूचा मास्तर:
कागदावर आहे. पोरीला आजीकडं ठेवायचं तर आजीलाही कोयत्यावर नेतात. आईबापाची समजूत घालायला घरोघरी कोण बसणार? मी एकटा, चार वर्ग.

लातूरची लेक:
हेच काम आहे आमचं, दुसरं काय! पण ऑक्टोबरात आमची पोरं क्षेत्रकार्याची जागा शोधत असतात, तेव्हा कुणी बोलवत नाही.

सेलूचा मास्तर:
बोलावलं असतं तर आला असता?

लातूरची लेक:
सेलू लांब पडतं. पण परभणीच्या कॉलेजातल्या मैत्रिणीला सांगते, तिची पोरं येतील. नाली साफ करायला नाही. यादी आहे?

सेलूचा मास्तर:
आहे. 37 पोरं. मुकादमाचं नाव प्रत्येकापुढं लिहिलंय. आणि ताई, पगाराचं बोललात ते खरंय तुमचं.

केजकर:
सप्टेंबरातच या. घटस्थापनेला उचलीचे पैसे वाटून झालेले असतात.